मे महिन्याच्या दुपारसाठी लिहिलेला मॅप

टर्बो, म्हणजे इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा, असलेल्या गाड्यांच्या ट्यूनिंगबद्दल, म्हणजे ईसीयू या इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले दाब, इंधन आणि ठिणगीचे आकडे (मॅप) बदलण्याबद्दल, जे वाचायला आणि पाहायला मिळतं, त्यातलं बरंचसं थंड हवेच्या देशांत तयार झालेलं आहे. त्यात वीस अंशांची हवा आणि समुद्रसपाटीचा दाब गृहीत धरलेला असतो. इंजिन थंड करायला बाहेरचा वारा मदतीला आहेच, हेही न सांगता धरलेलं असतं. सोलापुरात एप्रिल उजाडला की यातलं काहीच उरत नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे उन्हाळ्यात इथला हवेचा दाब ९५५-९६० मिलिबारच्या आसपास असतो आणि दुपारचं तापमान सहज ४३ अंशांवर जातं. हिशेब केला तर समुद्रकाठच्या २० अंशांच्या हवेपेक्षा ही हवा सुमारे १२ टक्के विरळ भरते. म्हणजे इंजिनाचं खाद्यच तेवढं कमी झालं.

टर्बो असला की विरळ हवेची अडचण राहत नाही, असं अनेकांना वाटतं. तो जास्त फिरून हवी तेवढी हवा भरून घेतो, हे खरं आहे. पण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. समजा ईसीयूनं मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, एकूण २ बार दाब मागितला. समुद्रकाठी २० अंशांना हे काम करताना टर्बोच्या कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा, ७० टक्के कार्यक्षमता धरली तर, ११० अंशांच्या आसपास असते. सोलापुरात ४३ अंशांना तोच २ बार गाठायचा तर तिथून १४९ अंशांची हवा निघते. बाहेरच्या हवेतला फरक २३ अंशांचा होता, टर्बोनंतर तो ३९ अंशांचा झाला. मध्ये ही हवा थंड करणारा, ७० टक्के क्षमतेचा इंटरकूलर आहे असं धरलं, तर इंजिनात शिरणारी हवा तिकडे ४७ अंशांची आणि इथे ७५ अंशांची असते. सात रस्त्याच्या सिग्नलला एसी लावून दोन मिनिटं थांबलेल्या गाडीत तर फिल्टरपाशी येणारी हवाच बाहेरच्यापेक्षा आणखी आठ-दहा अंशांनी तापलेली असते.

या ७५ अंशांवर सगळी गोष्ट फिरते. तापलेल्या हवेत ठिणगीनं पेटलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच कडेचं पेट्रोल-मिश्रण आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी मागे घेतो, म्हणजे उशिरा पाडतो. हा उशीर क्रँकच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात. दोन-तीन अंश मागे गेली तर फारसं जाणवत नाही. सहा-सात अंश मागे गेली की ताकद पडते, आणि पिस्टनला न मिळालेली ऊर्जा धुराबरोबर बाहेर पडून टर्बाइन तापवते. मग एक्झॉस्टचं तापमान आवरायला ईसीयू जादा पेट्रोल ओततो. चालकाला एवढंच दिसतं की जानेवारीत झेप घेणारी गाडी मे महिन्यात जड झाली आणि अ‍ॅव्हरेजही पडलं. अशा वेळी गॅरेजमध्ये एकच मागणी होते, ‘अण्णा, थोडा बूस्ट वाढवा की.’ बूस्ट, म्हणजे टर्बोनं भरलेला दाब, वाढवला की हवा आणखी तापते, ठिणगी आणखी मागे जाते. ट्यूनरनं इथे नाही म्हणायला हवं. ‘नाही’ म्हणणारा ट्यूनर मिळाला तर त्याला सोडू नये.

म्हणून माझं ठाम मत असं की सोलापूरच्या गाडीचा मॅप मे महिन्याच्या दुपारी तपासूनच पक्का करावा. डिसेंबरच्या पहाटे काढलेला आकडा सुंदर दिसतो, पण तो वर्षातले दोन-तीन महिनेच खरा असतो.

मॅपच्या आधी गाडीची तब्येत. कंप्रेशन टेस्टमध्ये सिलिंडरांतला फरक १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. लीकडाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये भरलेल्या हवेची गळती, १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. २० च्या वर गेलं तर रीमॅपचे पैसे इंजिन दुरुस्तीत घालावेत. त्यानंतर बूस्ट लीक. इथल्या उष्णतेत रबरी नळ्या लवकर कडक होतात, क्लिपांची पकड सुटते, प्लॅस्टिकच्या जोडांना केसासारख्या भेगा जातात. गळती असली तरी टर्बो जास्त फिरून मागितलेला दाब देतच राहतो, म्हणून ती चालवताना लक्षात येत नाही. फिल्टर काढून टर्बोच्या तोंडाला बूच लावायचं, अर्धा बार हवा भरायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाकायचं. बुडबुडे आले की जागा सापडली. स्मोक मशीन असेल तर काम आणखी सोपं.

स्पार्क प्लग नवे घ्यावेत, इरिडियमचे. बूस्ट वाढला की दाटलेल्या मिश्रणातून ठिणगीला उडी मारणं जड जातं. म्हणून ०.७ ते ०.८ मिलिमीटरची गॅप ०.६ च्या आसपास आणतात, नाहीतर वरच्या आरपीएमला गाडी मिसिंग मारते आणि दोष विनाकारण कॉइलवर जातो. एनजीके कंपनीच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड होतो, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकतो. साध्या स्टेज वनला, म्हणजे फक्त मॅप बदलण्याला, एक पायरी थंड पुरे. त्याहून थंड प्लग गावातल्या संथ रहदारीत स्वतःला जाळून स्वच्छ करू शकत नाही आणि त्यावर काजळी धरते.

एअर फिल्टरबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण हौसेनं पहिली खरेदी त्याचीच होते. तेल लावलेला सुती कोन फिल्टर उघडा बसवला की टर्बोचा आवाज छान येतो. पण बॉनेटखालची तापलेली हवा तोच ओढतो आणि बारीक धूळही कागदी फिल्टरपेक्षा जास्त सोडतो. जिल्ह्यातली धूळ काही कमी नाही. ज्वारीची रानं, काळी माती, रस्त्यांची कामं, उसाच्या ट्रॉल्यांमागे उडणारा फुफाटा. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर ही धूळ आदळत राहिली की पात्यांच्या कडा झिजतात. शिवाय एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत सेन्सरच्या तारेवर फिल्टरचं तेल बसलं की मोजमाप चुकतं. कंपनीच्या डब्यातला कागदी फिल्टर, डबा नीट बंद, बंपरमधून थंड हवा आणणारी मूळ नळी शाबूत आणि दर साडेसात ते दहा हजार किलोमीटरला बदल, यापेक्षा चांगला उपाय इथे नाही. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या पाकळ्यांत अडकलेलं पाचट, किडे, माती हलक्या दाबाच्या पाण्यानं इंजिनाच्या बाजूनं बाहेर ढकलत धुवावी. प्रेशर वॉशरचा झोत जवळून मारला की पाकळ्या लोळतात आणि हवेची वाटच बुजते.

इंटरकूलर सगळ्या गाड्यांत सारखा नसतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० आणि १.५ टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनांत तो पाण्यानं थंड होणारा असतो. त्याचा वेगळा रेडिएटर आणि वेगळा विजेचा पंप असतो. गाडी जुनी झाली की हा पंप मंदावलेला असू शकतो, तो आधी तपासावा. ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्या २.० टीएसआयला समोर हवेनं थंड होणारा इंटरकूलर आहे. तिथे मोठा कोअर बसवण्याचा खरा फायदा सोलापूरसारख्या ठिकाणीच दिसतो. माझ्या मते या शहरात पैसे खर्चण्याचा क्रम सरळ आहे. आधी इंटरकूलर, मग ब्रेक आणि टायर, नंतर मॅप. एक्झॉस्ट सगळ्यात शेवटी, तोही धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) न काढता.

आता मॅप. पोलोतला १.० टीएसआय मूळचा ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटरचा. स्टेज वनला तो साधारण १३० ते १४० पीएस आणि २२० च्या आसपास टॉर्क देतो. आकडे बहुतेक ट्यूनरांचे जवळपास सारखेच असतात. फरक पडतो तो टॉर्क कोणत्या आरपीएमला, किती वेगानं चढतो यात. खालून एकदम धक्का बसला की ग्राहक खूश होतो, म्हणून अनेक मॅपमध्ये १८०० आरपीएमलाच सगळा टॉर्क ओतलेला असतो. लहान आकाराच्या, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांना हाच पट्टा सगळ्यात धोक्याचा आहे. कमी आरपीएम, जास्त लोड आणि तापलेली हवा एकत्र आली की सिलिंडरमधला तेलाचा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या कितीतरी आधी मिश्रण पेटवतो. याला कमी वेगाचं प्री-इग्निशन म्हणतात. नॉकिंगमध्ये ईसीयूला सावरायला वेळ मिळतो, इथे मिळत नाही. एकाच दणक्यात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते.

त्यावर उपाय दोन. एपीआय एसएन प्लस किंवा एसपी दर्जाचं तेल वापरायचं, कारण या दर्जांत अशा प्री-इग्निशनची चाचणी धरलेली आहे. जुन्या तेलांतल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचा या दोषाशी संबंध आढळला होता. तेल कंपनीच्या मुदतीपर्यंत न ताणता ५ ते ७ हजार किलोमीटरला बदलावं. दुसरा उपाय मॅपमध्येच करायचा. टॉर्क २२०० ते २५०० आरपीएमपर्यंत सावकाश चढू द्यायचा आणि ५५०० च्या वर बूस्ट हळूहळू उतरवायचा. लहान टर्बो वरच्या आरपीएमला फक्त गरम हवा फुंकतो. चालकानंही चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबू नये, गिअर खाली टाकावा. मागावर ताण्याचा ताण हळूहळू वाढवला तर सूत टिकतं, झटका दिला की तुटतं. इंजिनाचंही तसंच आहे.

गिअरबॉक्सची मर्यादा आकड्यात माहीत असावी. कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीक्यू२०० हा डीएसजी (फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन-मीटरसाठी बनवला आहे, आणि १.५ टीएसआय कंपनीतूनच २५० देतो. म्हणजे तिथे कागदावर शिल्लक शून्य. त्यावर स्टेज वन करायचाच तर पहिल्या-दुसऱ्या गिअरचा टॉर्क मॅपमध्ये बांधून ठेवावा. मॅन्युअलचा क्लच तपासायची रीत साधी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेगमर्यादेत राहून वरच्या गिअरला २००० च्या पुढे क्षणभर पाय द्यायचा. काटा वर पळाला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच सरकतोय. मॅपनंतर पंधरवड्यात तो सरकायला लागला तर दोष मॅपचा नसतो, क्लच आधीच थकलेला असतो.

इंधनाचा प्रश्न सोलापूरकरांच्या अगदी अंगणातला आहे. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी हा एक जिल्हा. उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या उसापासून कारखान्यांत इथेनॉल निघतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळून आपल्याच टाकीत येतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. त्यामुळे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलचं गुणोत्तर साडेतेराच्या आसपास येतं. सोप्या शब्दांत, तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागतं. साध्या चालवण्यात धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर हे सांभाळून घेतो. पण पूर्ण लोडवर हे जादा इंधन हाय प्रेशर पंपाला द्यावं लागतं. रीमॅप केलेल्या गाडीत तो पंप आधीच मर्यादेजवळ काम करत असतो. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांत १० टक्क्यांहून जास्त तफावत पडली की मिश्रण पातळ होतं, आणि बूस्टमध्ये पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनवर संकट.

इथेनॉलचे गुणही मोठे आहेत. त्याचा ऑक्टेन १०० च्या वर असतो. बाष्प होताना ते पेट्रोलच्या अडीच पटीहून जास्त उष्णता शोषतं, म्हणजे थेट फवारणीच्या इंजिनात सिलिंडरची हवा आतूनच थंड करतं. आपल्या उन्हाळ्याला याहून सोयीचं इंधन कुठलं? पंपाची क्षमता शिल्लक ठेवून, ई२० गृहीत धरून लिहिलेला मॅप इथे फार छान चालतो. अडचण बदलत्या टाक्यांची आहे. आज साधं ई२०, उद्या कमी इथेनॉलचं महागडं प्रीमियम असं केलं की फ्युएल ट्रिम (ईसीयूनं इंधनात केलेली सुधारणा) इकडून तिकडे हलतात आणि लॉग, म्हणजे गाडी चालताना ईसीयूतून घेतलेली नोंद, वाचणाऱ्याची दिशाभूल होते. एक पंप, एक प्रकारचं पेट्रोल ठरवावं, पंपावरचा ऑक्टेन आकडा वाचून ट्यूनरला कळवावा आणि तेच वापरावं. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील दर सर्व्हिसला हातानं चाचपून पाहावेत. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये. इथेनॉल मोकळ्या जागेतल्या हवेतून पाणी ओढतं.

मॅप टाकला की काम संपलं असं मानणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय. खरं काम लॉगमध्ये आहे. आरपीएम, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, इनटेक हवेचं तापमान, ठिणगीचा अंश, प्रत्येक सिलिंडरची नॉक सुधारणा, लॅम्डा, रेलचा दाब, वेस्टगेट ड्युटी, तेलाचं तापमान, एवढं सगळं एकाच वेळी नोंदवावं. पूर्ण लोडला लॅम्डा (१ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८५ ते ०.८८ च्या दरम्यान दिसावा. एखाद्या सिलिंडरची ठिणगी अधूनमधून दोन-तीन अंश मागे गेली तर काळजी नको. सगळ्याच सिलिंडरांची चार-पाच अंशांनी मागे जाऊन तिथेच राहिली तर बूस्ट कमी करावा. एकच सिलिंडर सतत वेगळा वागत असेल तर मॅपला हात लावू नये, त्याचा प्लग, कॉइल आणि इंजेक्टर बघावा. वेस्टगेट ही टर्बोचा दाब आवरणारी झडप. तिची ड्युटी ९० टक्क्यांवर गेली म्हणजे टर्बोकडे देण्यासारखं काही उरलं नाही.

हे लॉग डायनोवर, म्हणजे रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, घ्यावेत. तिसऱ्या गिअरचा पूर्ण पल्ला घेताना वेग सव्वाशेच्या पुढे जातो, आणि गाळप हंगामात पुणे रस्त्यावर किंवा विजापूर रस्त्यावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात कुठेही उभी असते. सार्वजनिक रस्ता ही चाचणीची जागा नाही, यात मला कुठलीही सवलत मान्य नाही. डायनोवरही पंखा मोठा आहे ना ते बघावं. लहान पंख्यासमोर तिसऱ्या रनला इनटेक इतका तापतो की आकडे गाडीचे राहत नाहीत, खोलीचे होतात. करेक्शन फॅक्टर, म्हणजे हवामानानुसार आकडा सुधारणारा गुणक, कोणता लावलाय तेही विचारावं. एसएई जे१३४९ हा २५ अंश आणि ९९० मिलिबार धरून हिशेब करतो. टर्बो इंजिनाचा ईसीयू हवेची बरीच तूट स्वतःच भरून काढतो. त्यावर पुन्हा उन्हाळ्याचं करेक्शन चढवलं की कागदावर न कमावलेले घोडे उगवतात. करेक्शनशिवायचा आलेखही मागून घ्यावा.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करायला मर्यादा आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते, विमा कंपनी दावा नाकारू शकते. हे सगळं पैसे मोजायच्या आधी माहीत हवं. कॅट काढलेली गाडी तर आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या नाकात धूर सोडते, तिचं समर्थन करता येत नाही.

गाडीचा जीव खरा कळतो तो ट्रॅकवर. सोलापूरच्या जवळ मोठा ट्रॅक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा, कोइमतूरजवळ कारीचा २.१ किलोमीटरचा, असा दक्षिणेचा लांब प्रवास करावा लागतो. तिथेही हवा गरमच असते. ट्रॅकवर इंजिनाआधी ब्रेक हरतात. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. जाण्याच्या आठवड्यात पूर्ण ऑइल बदलावं आणि चारही चाकांची हवा काढावी. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चुकूनही मिसळू नये. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षांच्या टायरवर ट्रॅकला उतरू नये, नक्षी कितीही शिल्लक असो. थंड असताना ३३ पीएसआय भरलेला टायर ३० अंशांवरून ८० वर गेला की ४० च्या पुढे जातो आणि पकड सोडतो. २८ ला सुरुवात केली तर तो ३५ च्या आसपास स्थिरावतो. चाकांचे बोल्ट टॉर्क पान्यानं आवळावेत, पोलोसारख्या गाडीला १२० न्यूटन-मीटर, आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासावेत. सस्पेन्शन खाली करण्याचा मोह २५ मिलिमीटरवर थांबवावा, त्याखाली गाडी ट्रॅकवर बंप स्टॉपवर आपटते आणि जुळे सोलापुरातल्या गतिरोधकांवर पोट घासते.

एक लॅप गाडी आणि टायर तापवायला, तीन जोरात, एक-दोन थंड करायला. तेल १३० अंशांवर गेलं की चालक कितीही रंगात असला तरी पाय काढायचा. थंड करायच्या लॅपमध्ये ब्रेक जवळजवळ वापरायचा नाही. पिटमध्ये येऊन हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी उटी लावायची. इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून बॉनेट उघडायचं. गरम असतानाच टायरचा दाब मोजून वहीत लिहायचा, डिपस्टिक मात्र इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघायची. परतीच्या प्रवासाआधी टायरमध्ये पुन्हा ३३ भरायची, कूलंटची पातळी इंजिन निवल्यावरच उघडून बघायची. घरी आल्यावर एक प्लग काढून त्याचं पांढरं पोर्सिलीन भिंगाखाली तपासायचं. त्यावर मिरीसारखे बारीक काळे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चकाकणारे ठिपके दिसले तर लॉगमधून निसटलेलं नॉकिंग तिथे नोंदलं गेलेलं असतं. मग मॅपमधून त्या आरपीएमच्या पट्ट्यातली ठिणगी दोन अंश मागे घेऊन लॉग पुन्हा काढायचे.